मोहरीची शेंग वाचताना

मोहरीचं उत्पादन म्हणजे तीन आकड्यांचा गुणाकार. एका झाडाला शेंगा किती, एका शेंगेत दाणे किती आणि हजार दाण्यांचं वजन किती. हा गुणाकार केला की एका झाडाचं उत्पन्न कळतं, आणि चौरस मीटरमधल्या झाडांच्या संख्येने त्याला गुणलं की शेताचं. पैदासकाराच्या नोंदवहीतले हे रकाने वर्षानुवर्षं तेच आहेत. यातले पहिले दोन आकडे तर सरळ शेंगेचेच, आणि तिसराही शेंगेच्या आतच ठरतो. त्यामुळे मोहरीवर काम करणाऱ्या माणसाच्या पदाचं नाव काहीही असो, हंगामाचे निम्मे दिवस तो शेंगा पाहत असतो. नागपूरला मोहरीचे वाण सुधारण्याच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि या पिकाबद्दल जे काही मला खात्रीने सांगता येतं, त्यातलं बहुतेक मी शेंगेकडूनच शिकले.

वनस्पतिशास्त्रात या शेंगेला सिलिक्वा म्हणतात. आमच्या शेतावर तो शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. रोजंदारीवर येणाऱ्या बायकासुद्धा "सिलिक्वाची थैली कुठे ठेवली?" असं सहज विचारत. तूर, वाटाणा, हरभरा यांची शेंग आपण लहानपणापासून सोललेली असते, म्हणून मोहरीची शेंगही तशीच असणार असं वाटतं. पण दोन्हींची घडण अगदी वेगळी. तुरीची शेंग एकाच स्त्रीकेसरदलाची बनते आणि आत एकच पोकळी असते. मोहरीची शेंग दोन दलांची, आणि आत उभा पातळ पडदा. वाळलेली शेंग बोटांत धरून देठाकडून हलकेच दाबली की दोन झडपा खालून वर उचलल्या जातात आणि गळून पडतात. मागे राहते ती एक बारीक चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेला अर्धपारदर्शक पडदा. ही चौकट म्हणजे रेप्लम. दाणे झडपांना चिकटलेले नसतात, ते या चौकटीच्या कडांना इवल्याशा देठांनी लटकलेले असतात. आणखी बारकाईने पाहिलं तर एका कप्प्यातले दाणे दोन्ही कडांवरून आळीपाळीने आलेले दिसतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. पुढे मात्र ते एकाच ओळीत बसतात. जागेचा इतका नेटका वापर मी दुसऱ्या फळात क्वचितच पाहिला. शेंगेच्या टोकाला चोच असते. आपल्या मोहरीत ती निमुळती आणि बिनदाण्याची असते.

विद्यार्थी शेतावर आले की मी आधी पुस्तक मिटायला सांगायची आणि तीन फळं पुढे ठेवायची: मोहरीची शेंग, हळिवाचं फळ आणि मुळ्याची डिंगरी. तिन्ही एकाच कुळातली, पण एकीसारखी दुसरी नाही. हळिवाचं फळ चपटं, जवळजवळ गोल. लांबी रुंदीच्या तिपटीहून कमी असली की त्याला सिलिक्वा न म्हणता सिलिक्युला म्हणायचं, असा अभ्यासकांचा संकेत आहे. अठराव्या शतकात लिनियसने या कुळातल्या वनस्पतींचा एक वर्ग केला, तोही याच फरकावर दोन भागांत: आखूड फळांच्या एका बाजूला, लांब फळांच्या दुसऱ्या बाजूला. हळिवाच्या फळात दोन कप्पे आणि दर कप्प्यात एकच बी. बाळंतिणीच्या लाडवासाठी मूठभर हळीव घेतो तेव्हा अशी किती फळं फुटलेली असतात याचा हिशोब विद्यार्थी करू लागले की वर्ग रंगायचा.

डिंगरीची गोष्ट त्याहून नवलाची. मुळ्याची शेंग उकलतच नाही. तिचा झडपांचा भाग देठाजवळ नावापुरता उरलेला असतो, आणि दाणे असतात ते सगळे वरच्या भागात, म्हणजे मोहरीत जी रिकामी चोच असते त्या भागात. आपण डिंगऱ्यांची भाजी करतो तेव्हा शेंगेची फुगलेली चोच खात असतो. झडपांचं काम जवळजवळ संपलं आणि चोचीने दाण्यांची सगळी जबाबदारी उचलली. हे डिंगरी उभी चिरून दाखवलं की मुलांचा विश्वास बसायचा, नुसत्या सांगण्याने नाही. म्हणून मी सुरी आणि भिंग कायम जवळ ठेवत असे.

आमचं खरं काम मात्र फुलापासून सुरू व्हायचं. विदर्भात ऑक्टोबरात पेरलेली मोहरी नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते. मोहरीच्या फुलात सहा पुंकेसर असतात, चार लांब आणि दोन आखूड. संकर करायचा असेल तर दुसऱ्या दिवशी उमलेल अशी कळी शोधायची, चिमट्याने तिच्या पाकळ्या अलगद बाजूला सारायच्या, सहाही पुंकेसर काढायचे आणि फुलोऱ्यावर बटर पेपरची पिशवी चढवायची. सकाळी ऊन चढायच्या आत दुसऱ्या वाणाचे परागकण त्या कळीच्या कुक्षीवर लावायचे, पिशवी पुन्हा चढवायची, लेबल बांधायचं. लेबलावर आईचं नाव, बापाचं नाव, तारीख. हे करताना वाऱ्यावर फांदी हलते, चिमटा घसरतो, मधमाश्या भोवती घोंघावत असतात. मोहरी बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, तरी मधमाश्यांमुळे काही प्रमाणात बाहेरचे परागही येतात, म्हणून पिशवीत हयगय चालत नाही.

संकर साधला की नाही, हे शेंगच सांगते. दोन-तीन दिवसांत साधलेल्या कळीचा अंडाशय लांबायला लागतो, हिरवाकंच होतो. न साधलेला तसाच आखूड राहतो, पिवळा पडतो आणि देठासकट गळतो. सकाळी पिशव्या तपासत जायचं आणि एका फुलोऱ्यावर सात-आठ कोवळ्या शेंगा वर तोंड करून उभ्या दिसायच्या. मन भरून यायचं. त्या शेंगांत जे दाणे भरणार, तसे दाणे जगात कुठेही नव्हते. पुढच्या सात-आठ पिढ्या ज्यांच्यातून निवड करायची, तो सगळा पसारा त्या इंच-दोन इंचांच्या हिरव्या नळीत सामावलेला असायचा. वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात हे सगळ्यांना सांगता येतं. त्या वर्षांची सुरुवात कशी दिसते, हे मात्र डिसेंबरातल्या कोवळ्या थंडीत पिशवी उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मोहरीचा फुलोरा खालून वर फुलत जातो. म्हणून एकाच फांदीवर तळाशी भरलेल्या शेंगा, मधे कोवळ्या शेंगा, त्यावर फुलं आणि शेंड्याला कळ्या, असं एकाच वेळी दिसतं. हे ध्यानात घेतलं की फांदी म्हणजे हंगामाची रोजनिशी होते. कोणती शेंग कोणत्या आठवड्यात धरली, ते तिच्या जागेवरून काढता येतं. मधेच चार-पाच शेंगांची जागा रिकामी, नुसते देठ उरलेले दिसले तर त्या दिवसांत काय झालं ते आठवायचं: ढगाळ हवा होती का, मावा चढला होता का, पाणी चुकलं होतं का. शेंड्याकडच्या शेंगा आखूड आणि पोचट असतील तर फेब्रुवारीतली उष्णता आठवायची. नागपूरकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन तापायला लागतं. राजस्थान आणि हरियाणात मोहरीला दाणा भरायला जी लांबलचक थंडी मिळते, ती आमच्याकडे मिळत नाही. म्हणून विदर्भासाठी लवकर तयार होणारा, उन्हाच्या आधी दाणा भरून मोकळा होणारा वाण हवा. कानपूरचा वरुणा किंवा दिल्लीचा टपोऱ्या दाण्याचा पुसा बोल्ड हे देशभर नावाजलेले वाण. तरी नागपूरहून 'शताब्दी' म्हणजे एसीएन-९ सारखा वाण काढावा लागतो, त्यामागचं एक कारण त्या शेंड्याकडच्या पोचट शेंगांत दिसतं.

शेंग वाचायला मला ज्यांनी शिकवलं त्यांत शेतावर रोजंदारीने येणाऱ्या एक मावशी होत्या. आमची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक वाफ्यातली पाच झाडं चिठ्ठी टाकून निवडायची, त्यांच्या मुख्य फांदीवरच्या शेंगा मोजायच्या, मग काही शेंगा तोडून लांबी मोजायची, उघडायच्या आणि दाणे मोजायचे. खोलीत लांब टेबलावर पांढरे कागद पसरलेले, त्यावर शेंगांच्या रांगा आणि एका बाजूला मोजपट्टी. कामाचा रेटा असला की माणसाचं लक्ष लांबीकडे जातं, कारण लांबी चटकन दिसते. मावशी मात्र शेंग खिडकीकडे धरायच्या. उजेड आरपार आला की पडद्यावरचे दाणे काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि जिथे दाणा धरलाच नाही तिथे एक बारीकशी सुरकुतलेली खूण. एकदा सगळ्यांत लांब दिसणाऱ्या शेंगांचा ढीग मी बाजूला काढला होता. त्यांनी त्यातली एक उचलली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "मॅडम, ही भरली नाही जी. वरून लांबच लांब दिसते, आत निम्मं रिकामं." शेंग उघडली. चोचीकडचे दाणे नीट भरलेले होते, देठाकडे मात्र नुसते सुकलेले अंडके. मग त्या ढिगातली एकेक शेंग आम्ही खिडकीशी धरली.

तेव्हापासून आमच्या वहीत मोजलेल्या दाण्यांशेजारी रिकाम्या जागांचा रकाना आला. शेंगेत किती दाणे धरायची शक्यता होती आणि किती धरले, या दोन आकड्यांतलं अंतर फार बोलकं असतं. अंडके भरपूर आणि दाणे कमी, तर दोष परागीभवनात किंवा त्या दिवसांच्या हवेत शोधायचा. दाणे सगळे धरले पण बारीक राहिले, तर पुढच्या काळात शेंगेला अन्न कमी पडलं असं समजायचं. मोहरीत शेंग आधी लांब होते आणि दाणा नंतर भरतो, तेलही दाण्यात उशिरा साठतं. म्हणून शेंगेची लांबी पहिल्या पंधरवड्याची गोष्ट सांगते आणि दाण्याचं वजन नंतरच्या आठवड्यांची.

या नंतरच्या आठवड्यांतच शेंगेचं आणखी एक काम चालतं, ते शेतकऱ्यांना सांगताना मला विशेष आनंद व्हायचा. फुलोरा ओसरला की मोहरीची पानं पिवळी पडून गळायला लागतात. शेताकडे पाहणाऱ्याला वाटतं, झाड संपत आलं. पण त्याच वेळी शेतात हजारो हिरव्या शेंगा उभ्या असतात आणि त्यांच्या हिरव्या भिंती सूर्यप्रकाशावर अन्न बनवत असतात. पानं गळाल्यावर दाण्याला मिळणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा या शेंगांच्या भिंतींचा आणि हिरव्या खोडाचा असतो. म्हणजे शेंग ही दाण्यांची नुसती पेटी नव्हे, शेवटच्या टप्प्यात तीच झाडाचं पान होते. हे एकदा समजलं की शेताचा व्यवहारच बदलतो. शेंगांवर मावा चढला, भुरी पसरली किंवा करप्याचे काळे डाग पडले तर 'आता पीक निघायलाच आलं, फवारणी कशाला' असं म्हणून चालत नाही. शेंगा भरतानाचं पाणी चुकवून चालत नाही. दाणा ज्या भिंतीच्या जोरावर भरतो, तीच भिंत आजारी पडली तर तेल कुठून येणार? भंडारा-गोंदियाकडे धान निघाल्यावर राहिलेल्या ओलीवर मोहरी घेणारे शेतकरी हे ऐकून झटकन शेताकडे वळायचे आणि शेंगेच्या सालीवरून बोट फिरवून पाहायचे. भुरीची पांढरी भुकटी बोटाला लागली की पुढचं काही समजावून सांगावं लागत नसे.

आता शेंग फुटण्याबद्दल. मोहरीच्या कामातला हा सगळ्यांत जीव टांगणीला लावणारा काळ. वाळलेली शेंग उकलते ती झडप आणि चौकट यांच्या सांध्यावर. त्या सांध्यात पेशींचे दोन अरुंद पट्टे असतात. एका पट्ट्यातल्या पेशी कडक, लाकडासारख्या होतात. त्याला लागूनच असलेल्या पट्ट्यातल्या पेशींना एकमेकींशी जोडणारा थर विकरांमुळे विरघळतो. झडपेच्या आतल्या बाजूलाही कडक थर असतो. शेंग वाळते तसा हा सगळा ताण त्या विरघळलेल्या रेषेवर येतो आणि मग वारा, पक्षी, विळा, एवढंसं निमित्तही पुरतं. याच कुळातलं कार्डामाइन नावाचं एक छोटं तण तर वाळण्याची वाटही पाहत नाही. त्याच्या झडपा एकदम गुंडाळल्या जातात आणि बिया सेकंदाला दहा मीटरपेक्षा जास्त वेगाने दूर फेकल्या जातात. रानातल्या झाडासाठी हे शहाणपणाचं आहे. बी स्वतःच्या सावलीत पडून उपयोग नाही, ते दूर जायला हवं. शेतकऱ्यासाठी मात्र जमिनीवर पडलेला प्रत्येक दाणा म्हणजे तोटा, आणि पुढच्या हंगामात नको तिथे उगवणारं झाड.

हजारो वर्षांच्या शेतीत माणसाने मोहरीची ही घाई पुष्कळ कमी केली. आपली राई, म्हणजे ब्रासिका जुंशिया, परदेशात पिकणाऱ्या कॅनोलाच्या तुलनेत बरीच संयमी आहे. तरी कापणीची वेळ चुकली तर तीही दाणे सांडते. तीन-चतुर्थांश शेंगा पिवळसर तपकिरी झाल्या की कापणी करावी, असं आम्ही सांगत असू, आणि ती पहाटे, दव असताना. दवाने सांधे ओलसर असतात, शेंग चिवट राहते. भंडारा जिल्ह्यातल्या एका वयस्कर शेतकऱ्याने हेच मला त्यांच्या भाषेत सांगितलं होतं: "दुपारी हात लावला की अर्धं जमिनीलेच जाते, मॅडम." त्यांची कापणी तांबडं फुटायच्या आत सुरू व्हायची आणि ऊन चढायच्या आत पेंढ्या ताडपत्रीवर आलेल्या असायच्या. पेंढी बांधतानाही ते शेंगांची टोकं आत ठेवत. उलट कापणी फार लवकर केली तर दाणा हिरवट राहतो, तेलाचा रंगही बिघडतो. या दोन चुकांच्या मधे मोजके दिवस असतात, आणि ते रोज शेतात जाऊन शेंग हातात घेतल्याशिवाय सापडत नाहीत.

या उकलण्याचं गूढ प्रयोगशाळेत सुटायला सुरुवात झाली ती मोहरीच्याच एका दूरच्या बहिणीमुळे. अ‍ॅराबिडॉप्सिस हे वीतभर उंचीचं झाड याच कुळातलं, त्याची शेंग जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची. २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या मार्टिन यानोफस्की यांच्या गटाने दाखवलं की शॅटरप्रूफ नावाची दोन जनुकं एकाच वेळी निकामी केली तर शेंग फुटतच नाही. एकच निकामी केलं तर फरक दिसत नाही, कारण दुसरं त्याचं काम भागवून नेतं. पुढे इनडेहिसंट हे आणखी एक जनुक सापडलं, आणि झडपेच्या बाजूने या सगळ्यांना आवर घालणाऱ्या फ्रुटफुल नावाच्या जनुकाची भूमिकाही उलगडली. सांध्याची ती अरुंद रेषा नेमकी कुठे उमटायची, हे या जनुकांच्या आपसांतल्या ओढाताणीतून ठरतं. २००६ साली फ्रुटफुल जनुक आपल्याच मोहरीत जास्त प्रमाणात चालू करून पाहिलं गेलं. शेंगा फुटायच्या थांबल्या.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो मळणीचा. शेंग मुळीच उकलणार नसेल तर दाणा बाहेर काढायचा कसा? काठीने बडवायचं, ट्रॅक्टर फिरवायचा की थ्रेशरचा वेग वाढवायचा? वेग वाढवला की दाणा फुटतो, तेलाला खवट वास येतो. शेताला हवी असते ती शेंग वाऱ्याला दाद न देणारी, पण मळणीला सहज सुटणारी. म्हणजे उकलण्याची क्षमता नाहीशी करायची नाही, फक्त तिची वेळ आपल्या सोयीच्या दिवशी आणायची. आज जगभर या कुळातल्या पिकांत हाच मधला बिंदू शोधणं चालू आहे, आणि पैदासकाराच्या हातात त्यासाठी आजही साधी साधनं आहेत: झाडं पक्व झाल्यावर काही दिवस शेतात तशीच उभी ठेवायची, किती शेंगा आपणहून उकलल्या ते मोजायचं, आणि त्या नोंदीवरून निवड करायची. काही ओळींत शेंगा फांदीला लगटून उभ्या असतात, वाऱ्यावर एकमेकींवर आपटत नाहीत, तेही पाहायचं. आम्ही ते करत असू, आणि उन्हात उभं राहून सांडलेले दाणे शोधण्याचं ते काम कंटाळवाणं कधीच वाटलं नाही.

एक मोह मात्र मी अनेक तरुण सहकाऱ्यांत पाहिला आहे, आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं. पिवळ्या सरसोंमध्ये काही वाणांची शेंग दोनऐवजी चार झडपांची असते. शेंग जाड, भरगच्च, एकीत दाणेही जास्त. ती पहिल्यांदा हातात घेतली की वाटतं, हाच गुण आपल्या मोहरीत आणला की उत्पादन कुठल्या कुठे जाईल. पण झाड स्वतःचा हिशोब सोडत नाही. एका शेंगेत दाणे वाढले की बहुधा दाण्याचं वजन घटतं किंवा झाडावरच्या शेंगाच कमी होतात. लांब शेंग, जास्त शेंगा, टपोरा दाणा, हे तिन्ही एकाच झाडात क्वचित जुळतात. तीन आकड्यांच्या गुणाकारातला एक आकडा वाढवला की उरलेल्यांचं काय झालं, हे पाहायलाच हवं. ज्या ओळी पुढे टिकल्या, त्यांच्या शेंगा प्रदर्शनात मांडाव्यात अशा देखण्या नव्हत्या. मध्यम लांबीच्या, बारा-चौदा दाण्यांच्या, पण शेंड्यापर्यंत सारख्या भरलेल्या होत्या. उष्ण फेब्रुवारीतही शेवटची शेंग पोचट न होणं, हा गुण एखाद-दुसऱ्या लठ्ठ शेंगेपेक्षा कितीतरी मोलाचा.

आपला देश गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. मोहरीचं पीक राजस्थानात सर्वांत जास्त होतं, महाराष्ट्राचा वाटा लहान आहे. तरी पूर्व विदर्भात धानानंतर पडीक राहणाऱ्या जमिनीवर कमी पाण्यात येणारं हे पीक आहे, आणि ते वाढवायचं असेल तर बियाणं चांगलं हवं. बियाणं घरचं राखणाऱ्या शेतकऱ्याला मी एकच सांगते. मळणीनंतर पोत्यातून टपोरे दाणे निवडून बियाणं होत नाही. पोत्यात सगळी झाडं एकत्र झालेली असतात. टपोरा दाणा चांगल्या झाडाचा आहे, की बांधाच्या कडेला जास्त खत-पाणी मिळालेल्या सामान्य झाडाचा, हे पोतं सांगू शकत नाही. जानेवारीत, शेंगा हिरव्या असताना, शेतात आत शिरा. कडेची झाडं सोडा. मधली झाडं पाहा, ज्यांच्यावर मावा कमी, भुरी नाही, आणि ज्यांची मुख्य फांदी तळापासून शेंड्यापर्यंत खंड न पडता शेंगांनी भरलेली आहे. अशा झाडांना रंगीत दोरा बांधा. मधून मधून एखादी शेंग तोडून उजेडात धरा, रिकाम्या जागा मोजा. कापणीच्या वेळी ही झाडं वेगळी काढा, वेगळी मळा, वेगळ्या डब्यात ठेवा. मोहरी बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळत असल्याने या झाडांचे गुण पुढच्या पिढीत बऱ्यापैकी तसेच उतरतात. दोन-तीन हंगामांत शेताचं रूप बदललेलं दिसतं.

शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनाही माझी हीच विनंती आहे. सिलिक्वा म्हणजे काय, हे फळ्यावर आकृती काढून शिकवलं की मुलं परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्याऐवजी जानेवारीच्या एका सकाळी त्यांना मोहरीच्या शेतात न्या, प्रत्येकाच्या हातात एक शेंग आणि एक भिंग द्या, आणि दाणे मोजायला लावा. झडप उचलली जाताना पाहिलेली, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी लटकलेले दाणे मोजलेली मुलगी उद्या पैदासकार होवो, शेतकरी होवो की आणखी काही, पिकाकडे पाहण्याची तिची नजर पक्की होते. तेलबियांच्या बाबतीत देशाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं असेल तर अशा नजरेची माणसं गावोगावी हवीत, आणि ती घडवायला मोहरीच्या एका शेंगेइतकं स्वस्त आणि सोपं साधन माझ्या पाहण्यात नाही.